समेची जागा

शनिवारी सकाळी साडेनऊला नानांनी साडीच्या पिशवीतून टेपचं एक स्पूल काढून माझ्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "आजच करून दे. उद्या माझं मन बदलेल."

ते खोटं बोलत नव्हते. हे स्पूल आमच्या ग्रुपात गेली वीस वर्षं दंतकथेसारखं होतं. गिरगावातल्या एका घरी 1978 साली झालेली दुपारची बैठक, गायला बाई, राग मुलतानी, साथीला तंबोरे दोन आणि तबला. रेकॉर्डिंग नानांनी स्वतः केलेलं, उसनं आणलेल्या मशीनवर. बाईंचं नाव मी लिहीत नाही, नानांना आवडणार नाही. कितीजणांनी मागितलं असेल! कुणी बदल्यात दुर्मीळ तबकड्या देऊ केल्या, कुणी रागावून बोलणं सोडलं. नानांचं उत्तर एकच: "बघू." संग्राहक मंडळींत हा रोग जुनाच आहे. जे दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे आहे, यातलं सुख गाण्याच्या सुखापेक्षा मोठं होऊन बसतं. मलाही थोडा आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

माझा धंदा जुन्या टेपा, कॅसेटी, तबकड्या संगणकात उतरवून देण्याचा. पुण्याच्या पेठेत दहा बाय बाराची खोली, तीन स्पूल मशीनं, त्यातलं एक सुट्या भागांसाठी ठेवलेलं. पावसाळ्यात गिऱ्हाईक वाढतं, कारण माळ्यावरचं सामान भिजल्यावरच लोकांना आठवतं की वर काहीतरी आहे.

टेप हातात घेतली आणि पोटात गोळा आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपा दमट हवेनं चिकट होतात. आवाज ज्यात साठतो त्या ऑक्साईडच्या थराला धरून ठेवणारा चिकटा पाणी शोषतो, टेप हेडवरून, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावरून, जाताना किंचाळते. त्यावर उपाय आहे. भाज्या वाळवायच्या यंत्रात पन्नास-पंचावन्न अंशांवर आठेक तास ठेवायची, थंड होऊ द्यायची, मग काही दिवस ती नीट वाजते. भिजलेल्या पापडासारखंच हे. पण नानांची टेप चिकट नव्हती, कोरडी होती. पत्र्याखालच्या माळ्यावर चाळीस उन्हाळे काढलेली. दोन फूट उलगडून पांढऱ्या कागदावरून अलगद ओढली, तर कागदावर दालचिनीच्या पुडीसारखी रेघ उमटली. या आजाराला भट्टी उपयोगाची नाही.

"नाना, ही एकदाच वाजेल. वाजताना झडेल. नंतर उरेल त्याला टेप म्हणता येणार नाही."

"तू नको लावूस मग," ते म्हणाले. खुर्चीत बसले. चहा मागवला, अर्धा प्यायले. मग म्हणाले, "नाही लावली तर?"

"दोन-तीन वर्षांत तशीही संपेल. डब्यात."

त्यांनी हातानेच 'लाव' अशी खूण केली.

आता संध्याकाळचं सांगायला हवं, नाहीतर या दिवसाचा मेळ लागणार नाही. आमचं दहा-बाराजणांचं श्रवणमंडळ महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकाच्या घरी जमतं. दर वेळी एकाने आपल्या आवडीचं काही ऐकवायचं, आधी दहा मिनिटं माहिती, ऐकताना कुणी बोलायचं नाही, नंतर पोहे आणि भांडण. बहुतेक वेळा लाखेच्या तबकड्या, किराणा घराणं की आग्रा, नाट्यसंगीत. त्या महिन्याची पाळी माझी होती आणि मी ठरवलं होतं अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीचं 'द डिसइंटिग्रेशन लूप्स'. अॅम्बियंट इलेक्ट्रॉनिक प्रकारातलं. दहा वर्षं मी हे एकट्याने ऐकत आलो आहे, बहुतेक वेळा काम करताना. एका मित्राने हार्ड डिस्क भरून संगीत दिलं होतं, त्यात हे सापडलं. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, अरे, हा तर माझ्या धंद्याचा आवाज आहे.

कारण गोष्ट अशी आहे. बसिन्स्कीने 1982 च्या सुमारास रेडिओवरच्या हलक्याफुलक्या वाद्यसंगीताचे छोटे तुकडे टेपवर घेऊन त्यांची वेटोळी केली होती, म्हणजे टेपचं टोक टोकाला जोडून गोल गोल फिरणारी. 2001 च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या घरी ती डिजिटल करायला घेतली. मशीनवर लावली, सिंथसायझरची एक ओळ सोबत जोडली, आणि त्याच्या लक्षात आलं की फिरता फिरता टेपचं ऑक्साईड झडतं आहे. आम्ही असं दिसताच मशीन बंद करतो, हेड पुसतो, कपाळ बडवतो. त्याने बंद केलं नाही. फिरू दिलं आणि रेकॉर्ड करत राहिला. पहिला तुकडा तासाहून थोडा जास्त चालतो. सगळ्यात तेच, दुसरं काही नाही: एक संथ, शिंग फुंकल्यासारखी चाल येते, परत येते, आणि दर फेरीला तिच्यात एखादी चीर वाढते.

असो. नानांची टेप.

मशीनचा ताण कमीत कमी केला. गती पावणेचार इंच, म्हणजे सात इंची स्पूलला एका बाजूला चौसष्ट मिनिटं. बसिन्स्कीचा तो तुकडाही त्रेसष्ट मिनिटांचा. हा योगायोग मला नंतर सुचला, त्या वेळी डोकं फक्त मीटरच्या काट्याकडे होतं. पहिली वीस मिनिटं इतकी स्वच्छ गेली की नाना माझ्याकडे 'उगाच घाबरवलंस' अशा नजरेने पाहायला लागले. गिरगावातलं घर खोलीत उभं राहिलं. कुणाचीतरी खोकल्याची उबळ, बाहेर घंटा वाजवत गेलेला कुल्फीवाला, आणि बाईंचा मंद्रातला निषाद, ज्यावर नानांनी डोळे मिटले.

चोविसाव्या मिनिटाला पहिल्यांदा थांबवून हेड पुसलं. इअरबड तपकिरी. तेहतिसाव्याला परत. मग चाळिशीला, मग पंचेचाळिसाला. पन्नाशीच्या आसपास पुसण्याला अर्थ उरला नाही, कारण आता पूड नव्हती, चक्क पापुद्रे निघत होते. टेपच्या पट्टीला पारदर्शक खिडक्या पडत चालल्या होत्या. त्यांतून मला मशीनचा पिंच रोलर दिसत होता.

टेप मरते तेव्हा सगळं एकदम जात नाही. या गतीला दहा हजार हर्ट्झची एक लाट टेपवर मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागात मावते. हेड आणि टेप यांच्यात धुळीच्या कणाएवढं अंतर पडलं की वरचा आवाज पहिला जातो. म्हणजे आधी तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणझण, गेली. तंबोरे राहिले, पण घोंगडीखालून वाजल्यासारखे. मग शब्दांतली व्यंजनं गेली, बाई नुसत्या स्वरांवर गाऊ लागल्या. मग तबल्याची चाट, काठावरचा टणक बोल. शेवटी उरला डग्गा. बराच वेळ फक्त डग्गा आणि त्यावर कधी एखादा 'आ', तोही खिडकी आली की तुटणारा. शेवटची चौदा मिनिटं अशी. मी थांबवू का विचारायला वळलो, तर नाना भिंतीकडे बघत होते.

संपल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हिशेबी: "पन्नास मिनिटं बरी आली. पुढचा कचरा काढून टाक."

"ठेवतो ना मूळ फाईलमध्ये."

"काढून टाक. कुणी ऐकलं तर म्हणेल, नाना टेप सांभाळू शकला नाही."

मशीनखाली मी वर्तमानपत्र पसरलं होतं. ते उचलताना चमचाभर पूड निघाली. नानांनी ती बघितली. मी कागदाची पुडी बांधली आणि काय करावं न सुचून ड्रॉवरमध्ये ठेवली.

संध्याकाळी सहा वाजता बसिन्स्की लावायचा की बेत बदलायचा, यावर मी दीड तास स्वतःशी वाद घातला. त्याच दिवशी नानांसमोर टेप झडण्याचं गाणं? क्रूरपणा वाटला असता. पर्यायी म्हणून सवाई गंधर्वांची एक तबकडी पिशवीत टाकलीसुद्धा. पण नाना येणारच नाहीत असं वाटलं आणि मी मूळ बेतावर राहिलो. नाना सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

माहिती मी मुद्दाम दिली नाही. नाव सांगितलं आणि म्हणालो, "तासभर आहे. एकच आवर्तन समजा." न्यूयॉर्कची गोष्ट आधी सांगितली की लोक गोष्टच ऐकतात, संगीत नाही.

पाचव्या मिनिटाला एकाने नियम मोडलाच. "अरे, पिन अडकली आहे वाटतं." हशा झाला. मलाही हसू आलं. तबकड्या ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची यापेक्षा रास्त प्रतिक्रिया काय असणार? दहाव्या मिनिटाला एकजण घड्याळ बघताना दिसला. शेजारी कुकरची शिट्टी. बाल्कनीच्या पत्र्यावर पाऊस. आजच्या सगळ्या मैत्र्या पोह्यांआधीच संपणार, असा अंदाज मी बांधला.

मग काहीतरी बदललं, कधी ते नेमकं सांगता येत नाही. ही मंडळी जन्मभर समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत आलेली. त्यांनी नकळत या फेऱ्याची लांबी अंगात घेतली होती. त्या चालीत एक ठिकाण आहे, जिथे शिंगाचा स्वर जरा उंचावून टेकतो. तिथे आधी एका मावशींची बोटं मांडीवर पडायला लागली, मग आणखी दोघांची. बाहेर अंधार झाला, दिवा लावायला कुणी उठलं नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांनंतर त्या टेकण्याच्या जागी भोकं पडू लागली. आवाज येतो, मध्येच नसतो, परत येतो. आणि मी बघितलं की जिथे स्वर उरलाच नव्हता, तिथेही सहा-सात माना एकाच क्षणी हलल्या. समेला दाद देतात तशा. दाद द्यायला तिथे काहीच नव्हतं, फक्त जागा होती.

त्यांत नानांची मान होती.

संपल्यावर पोह्यांच्या आधी भांडण झालं, परंपरेप्रमाणे. "हे संगीत कसलं, हा अपघात." "अपघात तर खरा, पण थांबवलं नाही ना त्याने." "त्यात गवयाचं कर्तृत्व काय?" मग मी उरलेलं सांगितलं. हे काम नुकतंच हातावेगळं झालं होतं आणि 11 सप्टेंबर 2001 उजाडला. बसिन्स्कीने ब्रुकलिनच्या गच्चीवरून समोरचे मनोरे कोसळताना पाहिले, संध्याकाळी उजेडाचा शेवटचा तास कॅमेऱ्यात धरला, पुढे त्यातल्याच चित्रांची मुखपृष्ठं झाली आणि हे संगीत त्या दिवशी गेलेल्यांना अर्पण केलं. 2011 मध्ये, बरोबर दहा वर्षांनी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये वाद्यवृंदाने ते वाजवलं. म्हणजे माणसांनी हातांनी, फुंकरीने, टेप झडण्याची नक्कल केली. हे ऐकून आमचा तो पिनवाला म्हणाला, "झडणं लिहून काढायचं! नोटेशनवाले काय करतील नेम नाही."

मला ती गोष्ट त्या संगीतावर जरा जास्तच बसली आहे असं वाटतं. ब्रुकलिनच्या गच्चीआधी ते फक्त एका माणसाच्या जुन्या टेपेबद्दल होतं, आणि तेवढ्यावरच ते उभं राहतं. चारही खंड मिळून जवळजवळ पाच तासांचं आहे हे सगळं. खरं सांगायचं तर चौथा खंड मी सलग दोनदाच ऐकला असेल.

नाना इतका वेळ काहीच बोलले नव्हते. पोह्यांवर लिंबू पिळताना म्हणाले, "दुपारचं आणलं आहेस का बरोबर?"

लॅपटॉप बरोबरच होता. मी बघत राहिलो.

"लाव. पन्नासपासून पुढे लाव."

खोलीत कुणालाच कळलं नाही की काय लागणार आहे. बाईंचा व्यंजनं गेलेला आवाज आला, आणि खाली डग्गा. मावशींनी ओळखलं सगळ्यात आधी. ताटली खाली ठेवली आणि नुसत्या म्हणाल्या, "नाना, हे तेच का?" वीस वर्षं 'बघू' ऐकलेल्या लोकांनी ते चौदा मिनिटं ऐकलं. विलंबित एकताल, बारा मात्रा. सम कुठे आहे हे शोधायला डग्ग्याशिवाय आधार नव्हता, तरी कुणाची चुकली नाही.

सोमवारी नानांचा फोन.

"अकरा पेनड्राइव्ह कर. सगळ्यांना एकेक. आणि ते शेवटचं कापू नकोस."

"बरं."

"पेनड्राइव्ह तू आणणार की मी? नाही, तुझा भाव आधी सांग. घाऊकात किती कमी करशील?"

मी सांगितला. त्यांना जास्त वाटला. घासाघीस अजून चालू आहे. ड्रॉवरमधल्या पुडीचं काय करायचं ते मात्र त्यांनी विचारलेलं नाही.