गॅलरीतला फड्या

फड्या निवडुंग घरात आणायचा म्हटलं की आधी वास्तूचा प्रश्न उभा राहतो. काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं होतात म्हणे. आमच्याकडे त्यासाठी झाडाची गरज कधी पडली नव्हती, म्हणून मी बिनधास्त आणला.

लावायला सोपा. पंजाएवढा एक फडा कापायचा आणि चक्क विसरून जायचं. आठ-दहा दिवस सावलीत पडून राहिला की कापलेल्या जागी कोरडी खपली धरते, मग मातीत टेकवायचा. ओलाच रोवला तर बुडातून कुजतो. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू आणि विटांचा चुरा, कुंडीच्या बुडाला मोकळं भोक, आणि दिवसभराचं ऊन. मुळं धरेपर्यंत पाणी नाही.

हे 'पाणी नाही' फार जड जातं. सकाळी झारी हातात घेतली की तुळशीला घातलं, मोगऱ्याला घातलं, आणि ओघाओघात फड्यालाही. फड्याची निगा म्हणजे मुख्यतः आपला हात आवरणं. उन्हाळ्यात माती पार सुकली की घालायचं, थंडीत महिन्यातून एखाद्या वेळी. पावसाळ्यात तर कुंडी पागोळ्यांखालून आत ओढायची, कारण आपल्याकडची जुलैची झड त्याला सोसत नाही. तहान लागली की तो सांगतो: फडे सुरकुततात. पाणी मिळालं की दोन-चार दिवसांत पुन्हा टम्म.

त्याचं सगळं वेळापत्रकच उलटं. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं खोड. पानांचे कधीच काटे झाले. बाकीची झाडं दिवसा रंध्रं उघडतात, हा रात्री उघडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्रीच आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा दारं लावून, उन्हावर त्याचं अन्न करतो. पाणी उडून जायला नको म्हणून हा खटाटोप.

काट्यांचं म्हणाल तर मोठ्यांना घाबरू नका, ते दिसतात. त्यांच्या बुडाशी तपकिरी मखमलीसारखे ठिपके असतात, त्यातली बारीक कुसळं खरी डांबरट. हात लागला हे कळतसुद्धा नाही, आणि मग दिवसभर बोटं चुरचुरतात. चिकटपट्टी दाबून ओढली की बरीचशी निघतात. कुंडी बदलताना झाडाला वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळून धरावं. लाल बोंडं खाणारी गावाकडची पोरं ही कुसळं आधी जाळावर भाजून टाकतात, मगच तोंड लाल करून घेतात.

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. निवडुंगाच्या रानात मूर्ती सापडली म्हणून ते नाव, असं सांगतात. तो निवडुंग फड्याच असेल असं मात्र नाही. आपल्याकडचा जुना तीनधारी निवडुंग वेगळ्या कुळातला. तोडला की पांढरा चीक येतो. फड्याला चीक नाही, आणि तो मुळात अमेरिकेतला.

त्याच्यामागोमाग त्याचे किडेही आले. कोचिनील नावाच्या या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, आणि त्या धंद्यात स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी १७९५ साली इंग्रजांनी ब्राझीलमधून हे किडे हिंदुस्थानात आणले. जात चुकीची निघाली. रंग हलका, भूक दांडगी! रंगाचा धंदा बसला आणि किड्यांनी निवडुंगाची बेटंच्या बेटं फस्त केली. पुढे निवडुंगाचं रान आवरायला मुद्दाम किडे सोडू लागले, त्याची सुरुवात या फजितीतून झाली.

हा कोचिनील पांढऱ्या कापसासारख्या आवरणाखाली दडून बसतो. त्यामुळे आमच्या फड्यावर पांढरा कापूस दिसला तेव्हा मी आधी तो काडीने चिरडून पाहिला. लाल काही निघालं नाही. म्हणजे साधा पिठ्या ढेकूण. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढला आणि कुंडी जास्वंदीपासून लांब सरकवली.