एका गॅस्केटपायी अडलेला बॉयलर

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं काम करणाऱ्या माणसाला मे महिन्यात कुणी "बॉयलर बंद ठेवा आणि वाट बघा" असं सांगू नये. मला ते बॉयलरच्या कंपनीकडून सांगण्यात आलं, तेही गोड आवाजात, आणि शेवटी "आपला दिवस शुभ असो" अशी पुस्ती जोडून. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमच्याकडे प्रेसिंगच्या टेबलांना वाफ देणारा 18 किलोवॅटचा इलेक्ट्रिक बॉयलर आहे. 25 लिटरपेक्षा कमी पाण्याचा, त्यामुळे बॉयलरच्या कायद्यात बसत नाही. विकणारा हे फार आनंदाने सांगतो. त्यातली मेख अशी की मग तपासायलाही कुणी येत नाही. वाफ मात्र 4 किलो प्रेशरला दीडशे अंशांच्या आसपास असतेच, कायदा लागू असो वा नसो.

झालं असं की इस्त्रीतून वाफेबरोबर पाणी उडायला लागलं. पांढऱ्या शर्टांवर पिवळसर ठिपके. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेजवर सारखा, साधारण 25 अँपिअर करंट हवा, तो नव्हता. "मालक, एक एलिमेंट गेलाय, आणि आत क्षार लई असणार," असं म्हणून तो मोकळा झाला. एलिमेंट म्हणजे पाणी तापवणारा रॉड.

क्षार असणारच. नळाला पाणी रोज येत नाही, बाकीचे दिवस बोअर नाहीतर टँकर. सॉफ्टनर आहे, पण उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होतं आणि तो मिठाने धुण्याची फेरी तेवढीच राहते. इथे एक सांगून ठेवतो: सॉफ्टनरवाला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्यावर जाऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. हार्डनेसचं थेंबांचं किट घ्या. पाणी निळं झालं तर ठीक, लालसर राहिलं तर मीठ घालून रेझिन, म्हणजे सॉफ्टनरमधले दाणे, धुवा.

आणि "क्षारामुळे वीजबिल वाढतं" हे जे सगळे सांगतात, ते लाकूड-डिझेलच्या बॉयलरचं आहे. तिथे उष्णता चिमणीतून निघून जाते. इथे रॉड पाण्यातच बुडालेला, उष्णता जाणार कुठे? बिल फारसं हलत नाही, म्हणून तर कळत नाही. थराखाली रॉड तापत राहतो आणि एक दिवस जळतो. बिलावर लक्ष ठेवून बसलात तर थेट एलिमेंटच बदलावा लागेल.

आता मुख्य गाऱ्हाणं. मशीन घेताना एक जादा एलिमेंट घेऊन ठेवला होता, त्यामुळे महागाची वस्तू घरात होती. नव्हतं ते त्याच्या फ्लँजखालचं, म्हणजे बोल्टने आवळायच्या चकतीखालचं गॅस्केट, वाफ गळू नये म्हणून बसवायची चपटी रिंग. एलिमेंट काढला की जुनं गॅस्केट दाबून, भाजून चिकटलेलं असतं. ते परत बसवायचं नसतं, नवंच लागतं. कंपनीत फोन केला. गॅस्केट सुटं मिळत नाही, एलिमेंटच्या किटमध्येच येतं. बरं, किट द्या. किट शिल्लक नाही. मग आम्ही उघडून साफ तरी करतो. नाही सर, आमच्या टेक्निशियनशिवाय उघडलं तर मेन्टेनन्सचा करार रद्द होईल. मग टेक्निशियन पाठवा. तक्रार नोंदवली आहे सर.

तक्रार नोंदवली म्हणजे काय, तर मोबाइलवर एक नंबर येतो. मी रोज सकाळी तो नंबर वाचून दाखवायचो, आणि रोज नवी मुलगी नव्याने सीरियल नंबर विचारायची. मध्येच मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया रेटिंग द्या." कुणी आलेलं नाही, गेलेलं नाही! विचारलं तर म्हणे पार्ट नसल्यामुळे तक्रार बंद केली, पार्ट आला की नवीन नोंदवा. तोवर प्रेसवाले साध्या इस्त्र्या घेऊन वाकलेले, आणि शाळांचे फोन सुरू.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गॅस्केट कापणाऱ्या एकाकडे गेलो. जुनी रिंग अजून बॉयलरमध्येच होती, म्हणून ठेवणीतल्या एलिमेंटच्या फ्लँजवर जाड कागद दाबून तेलकट बोटाने कडा आणि भोकं उमटवून नेली. त्याने माप बघण्याआधी विचारलं, "वाफ की पाणी? प्रेशर किती?" इतके दिवस कंपनीतल्या एकानेही हे विचारलं नव्हतं. साधं रबर चालणार नाही म्हणाला, वाफेसाठीची नॉन-अॅस्बेस्टॉस शीट काढली, कागद ठेवून कापली, पंचने ठोकून भोकं पाडली. चहा येण्याआधी काम झालं. पैसे इतके कमी की राग आणखी वाढला.

करार गेला तर गेला. बॉयलर उघडला.

उघडण्याआधीचं मात्र घाईत सोडू नका. मेन एमसीबी खाली, त्यावर कुलूप, किल्ली खिशात. टेस्टरने तिन्ही फेज तपासायच्या, एक बघून समाधान मानायचं नाही. प्रेशर गेज शून्यावर आला तरी काटा अडकलेला असू शकतो, म्हणून वरचा व्हॉल्व्ह उघडून वाफ नाही हे बघायचं आणि तो उघडाच ठेवायचा. गार होताना आत व्हॅक्यूम होतो, तोही त्यामुळे टळतो. बोल्टला हात लावायचा तो टाकी पुरती गार झाल्यावरच.

क्षार काढायला सायट्रिक अॅसिड वापरलं. 20 लिटर कोमट पाण्याला 1 किलो. फ्लँज काढण्याआधीच ओतलं आणि फेस थांबेपर्यंत ठेवलं. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, टाकी बंद ठेवली तर तोच प्रेशर करतो. शेजारच्या कारखानदाराने संडास धुवायचं अॅसिड सुचवलं. एकदम झटपट, म्हणे. झटपट खरंच, पण त्यातल्या क्लोराइडने स्टीलच्या रॉडला बारीक छिद्रं पडतात. हातमोजे आणि चष्मा सायट्रिकलाही लागतो. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणं. फ्लँज काढला तेव्हा तळाशी पापडाच्या चुऱ्यासारखे खवले साचले होते, ते हाताने काढले. नुसतं अॅसिड फिरवून ते निघत नाहीत.

पाणी उडण्याचं कारण प्रोबवर सापडलं. पाण्याची लेव्हल ओळखणाऱ्या त्या कांडीवर क्षाराचं कवच. तिला पाणी लागतच नव्हतं, म्हणून पंप भरतच राहायचा. बारीक पॉलिश पेपरने घासली. यावर उपाय म्हणून कुणी सरळ आरओचं पाणी भरतात, तेही जपून. फारच शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, प्रोब पुन्हा आंधळा.

ठेवणीतला एलिमेंट बसवण्याआधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारा मीटर लावला. आतली पावडर दमट हवेत ओल धरते. 1 मेगाओमच्या वर आकडा हवा, नसेल तर आधी वाळवा. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले, मग तापवून बघितला. गळती नाही.

आता रोज काम संपल्यावर प्रेशर 1 किलोच्या आसपास उतरलं की ब्लोडाउन, म्हणजे तळाचं गाळाचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, उघडतो. त्याचा पाइप धातूचाच हवा, पीव्हीसी मऊ पडतो. तोंड खड्ड्याकडे, आणि आजूबाजूला माणूस नाही ना ते बघून. महिन्यातून एकदा हातमोजा घालून सेफ्टी वॉल्व्हची दांडी उचलून बघतो.

कराराच्या नूतनीकरणाचा फोन आला होता. करारात दोन सुटी गॅस्केट लिहून देत असाल तर बोलू, असं सांगितलं. वरिष्ठांशी बोलून कळवणार आहेत. मी दोन आधीच कापून आणली आहेत. ठेवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा. खिळ्याला टांगली की वाकतात आणि भोकाजवळ चिरतात.