हलकं करायला दिलेलं पिस्तूल जड करून परत दिलं

पिस्तूल घेऊन आलेला माणूस बहुतेक एकच गोष्ट मागतो, ट्रिगर म्हणजे चाप हलका करून द्या, कमी जोरात ओढला जाईल असा. गेल्या पावसाळ्यात निपाणीकडचे एक काका हेच मागायला आले आणि मी त्यांचं पिस्तूल आलं होतं त्यापेक्षा जड करून परत दिलं. काम बरोबर झालं यात मला शंका नाही, तरी ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर म्हणजे हत्यारांचा मेस्त्री होतो, रिटायर झाल्यावर बेळगावात एका लायसन्सवाल्या दुकानात दुरुस्तीचं काम बघतो. लोकांना वाटतं दिवसभर पिस्तुलंच हाताळतो, तसं काही नाही. जास्त काम बँकेच्या गार्डांच्या बारा बोअरचं आणि खानापूरकडच्या शेतकऱ्यांच्या बंदुकांचं, तिकडं रानडुकरं पीक ठेवत नाहीत. हत्याराला हात लावायच्या आधी लायसन्स बघा, नंबर जुळवा, रजिस्टरात चढवा, यातच अर्धी सकाळ जाते. इलेक्शन आलं की बरीच हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि परत मिळाली की गंज घेऊन आमच्याकडं येतात.

काकांचं पिस्तूल होतं वॉल्थर पीपी, ७.६५ म्हणजे आपल्याकडचं .३२. हे मॉडेल १९२९ पासूनचं, काकांच्या वडिलांनी घेतलेलं. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणायचं बंद झालं, तेव्हापासून असल्या पिस्तुलांना जिवापाड जपतात. जपतात म्हणजे काय, तर चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवतात आणि वर खोबरेल तेल लावतात. दोन्ही वाईट. चामडं ओल धरतं, बेळगावच्या पावसात तर बघायलाच नको, आणि खोबरेल जुनं होऊन आत चिकट थर होतो. किती जणांना सांगितलं, ऐकत नाहीत.

काका सत्तरीच्या पुढचे, उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजलेले, हातही थोडा थरथरत होता. सोबत मुलगा होता. काका म्हणाले, "मेस्त्री, आधीच्यापेक्षा बरं झालंय, पण अजून जरा हलकं करा की. आणि नवीन काडतुसं कुठली बरी ते पण सांगा, ही फुसकी निघाली." म्हणून खिशातून दोन काडतुसं काढली. मळ्यातल्या घराच्या आवारात रात्री कोणीतरी भिंतीवरून उतरलं होतं. काकांनी चाप ओढला, खट्ट. परत ओढला, परत खट्ट. कुत्री उठली म्हणून ती माणसं पळाली.

मी ती काडतुसं भिंगाखाली धरली. कॅपवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या बार पेटवणाऱ्या टोपीवर, पिनचा ठसा होता, बरोबर मधोमध, पण उथळ, नुसतं टोचल्यासारखा. काडतूस फुसकं असतं तर ठसा खोल पडून पण बार झाला नसता. इथं मारच कमी पडला होता.

मॅगझिन काढून, चेंबर बघून मूठ उघडली. घोड्याची, म्हणजे मागून पिनवर आपटणाऱ्या हातोडीची, मेन स्प्रिंग कापलेली होती, ग्राइंडरवर, टोक निळं पडलेलं. मी विचारलं हे कोणी केलं, तर मुलगा खाली बघायला लागला. बाबांना बोट दुखतंय म्हणून त्यानं यूट्यूबवर बघून एका लेथवाल्याकडून दोन वेढे कापून घेतले होते. तिकडं अमेरिकेत बऱ्याच पिस्तुलांचा स्प्रिंगचा किट पोस्टानं घरी येतो, कमी ताकदीची तयार स्प्रिंग मिळते, ते बघून आपल्याकडची पोरं कटर घेतात. बिनलायसन्स माणसाकडं हत्यार द्यायचं नसतं हे तर वेगळंच. पण पोराला जास्त बोललो नाही, बापाच्या दुखण्यापायी केलेलं होतं.

हे समजायला पीपीची रचना बघावी लागते. पहिल्या गोळीला डबल ॲक्शन, म्हणजे बोट घोडा मागं नेतं आणि सोडतं पण. पुढच्या गोळ्यांना स्लाइडच घोडा चढवून ठेवते, म्हणून तेव्हा चाप हलका लागतो. पहिल्या ओढीत बोट जी स्प्रिंग दाबतं तीच स्प्रिंग घोडा पिनवर आपटते. ही स्प्रिंग नरम करून बोटाचं जेवढं ओझं कमी कराल तेवढा मार कमी होणार, यातून सुटका नाही. आणि वेढे कापून स्प्रिंग नरम होते हा पण गैरसमज आहे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग उलट कडक होते, फक्त आखूड झाल्यामुळं सुरुवातीचा दाब जातो. म्हणून चाप आधी मऊ लागतो आणि शेवटी एकदम चढतो, नेमका जिथं नेम हलू नये तिथंच. नरम स्प्रिंग पाहिजे तर तार बारीक घ्यावी लागते. ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणं जाते, तार फक्त पाच टक्के बारीक केली तरी ताकद अठरा टक्क्यांच्या वर कमी होते, म्हणून मायक्रोमीटरशिवाय हे काम करूच नये.

माझ्याकडं एक वही आहे. जे हत्यार उघडतो त्याच्या प्रत्येक स्प्रिंगची तार, बाहेरचा व्यास, वेढे, मोकळी लांबी लिहून ठेवतो, फौजेतली सवय. त्यात एका पीपीची मापं होती. उद्यमबागेतून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातून, पियानो वायर ही स्प्रिंगची पोलादी तार आणली, मँड्रेलवर म्हणजे गोल गजावर वळली. मँड्रेल आतल्या व्यासापेक्षा बारीक घ्यायचा, कारण सुटल्यावर वेढा उमलतो. मग २५० डिग्रीला अर्धा तास भाजली, टोकं सपाट केली, पूर्ण मिटेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबली. दाबल्यावर लांबी थोडी बसते, ती बसून थांबली की मगच मोजायची. बाजारातले लोक ही पायरी गाळतात आणि सहा महिन्यांनी स्प्रिंग मेली म्हणून बोंबलतात.

चाप ओढायला किती जोर लागतो ते मोजायचं गेज लावलं. काकांनी आणलं तेव्हा डबल ॲक्शनला साडेचार किलो होतं, नवीन स्प्रिंगनं ५.७. मग खोबरेलचा सगळा थर काढला, ट्रिगर बारवर, म्हणजे चापाची ओढ घोड्याकडं नेणाऱ्या पट्टीवर, घासल्याच्या रेषा होत्या त्या बाराशे नंबरच्या पेपरनं गुळगुळीत केल्या, ट्रिगरची स्प्रिंग थोडी नरम घातली, तिचा घोड्याच्या माराशी संबंध नसतो. ५.२ वर आलं आणि ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, कुठं अडकत नाही की चढत नाही. सियरला, म्हणजे घोडा ज्याच्यावर अडकून राहतो त्याला, मी हात लावला नाही आणि कोणी लावू पण नये, तिथला कोन बिघडला तर घोडा आपोआप सुटू शकतो. वाळूच्या पेटीत टेस्ट फायर केली, काकांची ती "फुसकी" दोन्ही काडतुसं पण उडाली.

यापेक्षा बारीक तारेची एक स्प्रिंग पण वळून बघितली होती. ४.६ आलं, बोटाला फार छान, पण थोडे राउंड झाल्यावर एक कॅप फुटली नाही. ती मोडीत टाकली.

काका न्यायला आले. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून बघितला, अर्ध्यात बोट थांबलं, दुसऱ्या हाताचा आधार घेऊन पुरा केला. "हलकं करायला दिलो, तू जड करून ठेवलास की." मी काडतुसांच्या रिकाम्या केस दाखवल्या, आधीचा ठसा आणि आताचा. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले घोडा हातानं चढवून ठेवतो, मग दोन किलोतच सुटतंय न्हवं? ते खरं आहे. पण अंधारात, थरथरत्या हातात चढलेला घोडा, घरात नातवंडं. मी सरळ सांगितलं, काका, असं करू नका.

त्यानंतर जे बोललो ते दुरुस्तीच्या कामात येत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये तरतूद आहे, सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं की हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. मुलाच्या नावावर करा म्हणालो. मुलगा म्हणाला मीच बाबांना सांगणार होतो. काकांना ते लागलं. ते पिस्तूल त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हातात दिलेलं, आणि एक मेस्त्री सांगतो की तुमचा हात आता त्याला पुरत नाही. पैसे मोजले, सही केली, माझ्याशी एक शब्द न बोलता गेले.

परवा मुलाचा फोन आला, आणखी नरम स्प्रिंग बसवाल का, बाबा रोज विचारतात. नाही म्हणालो. भरवशानं उडणारं पिस्तूल त्यांच्या बोटाला झेपत नाही आणि बोटाला झेपणारं भरवशानं उडत नाही, माझ्या हातात तिसरं काही नाही. अर्जाचं काय झालं विचारलं तर म्हणाला, बाबा सही करीनात.