क्लच प्लेटा नव्या, तरी न्यूट्रल लागेना : माझा अनुभव

माझ्या दीडशे सीसीच्या बाइकला क्लच प्लेटा टाकून फार दिवस झाले नव्हते, तरी सिग्नलला न्यूट्रल लागायचा नाही, पहिला गिअर खाडकन पडायचा आणि क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी हळूहळू पुढे सरकायची. केबल नवी, लिव्हरचा प्ले (मोकळी हालचाल) बरोबर, ऑइल ताजं. गॅरेजमध्ये म्हणाले परत प्लेटा टाकू. मला ते पटेना, कारण प्लेटा झिजल्या की क्लच स्लिप होतो, इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी ओढत नाही, माझ्या गाडीत उलटंच होतं, क्लच सुटतच नव्हता.

मग घरीच खोलायचं ठरवलं. ऑइल काढलं, केबल आणि किक काढली, उजवं कव्हर काढताना बोल्ट पुठ्ठ्यावर ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवले, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांबच्या जागी छोटा बोल्ट बसला तर आटे जातात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत गेलो.

प्लेटा बाहेर आल्या आणि कारण समोर दिसलं. प्लेटा ज्या डब्यासारख्या भागात बसतात ती बास्केट ॲल्युमिनियमची असते, फ्रिक्शन प्लेटांचे कडेचे कान तिच्या उभ्या बोटांमधल्या फटींत बसतात, रेस देताना-सोडताना ते बोटांवर आपटतात आणि हळूहळू तिथे खाचा पडतात. मी बोटावर नख फिरवलं तर ते प्रत्येक खाचेत अडकत होतं. क्लच दाबल्यावर प्लेटा सरकून मोकळ्या व्हायला हव्यात, पण कानच खाचेत अडकले तर त्या सुटणार कशा? त्याच खाचांत नव्या प्लेटा टाकून काय उपयोग होता!

खाचा हलक्या असतील तर सपाट कानशीने घासता येतात, पण बास्केट बाहेर काढून आणि सगळ्या बोटांवर सारखं. माझ्या खोल होत्या, तेवढं घासलं असतं तर फट वाढून कान अजून जोरात आपटले असते. शिवाय बास्केटमागचा मोठा गिअर हाताला ढिला लागला, म्हणजे रिव्हेट आणि धक्के सोसणाऱ्या डँपर स्प्रिंगा सैल, आयडलला येणारी खडखड तिथलीच. मग नवीनच घ्यायची ठरवली.

पुण्यात नाना पेठेत जुनी बास्केट सोबत घेऊन गेलो, गिअरचे दात मोजले, मधल्या बुशचं माप जुळवलं आणि मगच पैसे दिले. फोटोवरून घेऊ नका.

खरी मेहनत क्लच शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या सेंटर नटाची. लॉक वॉशरचा दुमडलेला कान आधी सरळ करायचा आणि हब (प्लेटांच्या आतला मधला भाग) फिरू नये म्हणून धरायला होल्डर वापरायचा, तो मी ओळखीच्या मेकॅनिककडून आणला. काही जण गिअरच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात, तसं अजिबात करू नका, दात तुटला तर खर्च कुठल्या कुठे जातो. वॉशर कुठला आधी, कुठला नंतर, याचे फोटो काढून ठेवले. बसवताना लॉक वॉशर नवा, नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला. प्लेटांचे कान सरळ होते, जाडी व्हर्नियरने मापली, त्याच परत घातल्या. नव्या टाकणार असाल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कव्हरचं पॅकिंग नवं, ऑइल जासो एमए२ ग्रेडचं (ऑइलात बुडालेल्या बाइक क्लचसाठीचा दर्जा), कारचं ऑइल चालत नाही, त्याने क्लच स्लिप होऊ शकतो.

चालू केली तर आयडलची खडखड बंद, पहिला गिअर शांतपणे पडला, उभ्या गाडीत न्यूट्रल लगेच लागला. नंतर फक्त केबल एकदा किंचित ॲडजस्ट करावी लागली.