फर्नेस ऑइल ते व्हाईट कोल: रबाळ्यातल्या आमच्या लॉन्ड्रीचा अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमची औद्योगिक लॉन्ड्री आहे. हॉटेलं आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, गाउन आमच्याकडे येतात. धुणं, वाळवणं, कॅलेंडरवर म्हणजे गरम रोलरच्या मशीनवर इस्त्री, सगळ्याला वाफ लागते. बरीच वर्षं ही वाफ फर्नेस ऑइलच्या बॉयलरमधून येत होती. आता ती भुईमुगाची टरफलं, भुसा, पऱ्हाटी दाबून केलेल्या ब्रिकेटवर तयार होते. बाजारात या मालाला सगळे व्हाईट कोल म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले ओळखीचे कारखानदार याबद्दल विचारतात, पण बहुतेकांचा प्रश्न बॉयलर केवढ्याला पडला एवढाच असतो. बॉयलर पैसे टाकून येतो. रोज गाडीतून येणारा माल नेमका कशाचा आहे आणि तो आपल्याकडे कसा जळतोय, ही जबाबदारी मात्र तेलाच्या काळात आपल्यावर नसते, ती नव्याने येते.

तेल सोडायचं कारण साधं होतं. फर्नेस ऑइल हा रिफायनरीतला तळाचा जाड माल. त्यात गंधक ३ टक्के धरलं, तर टनामागे ३० किलो गंधक आलं, आणि जळल्यावर त्याचा दुप्पट वजनाचा, म्हणजे ६० किलो सल्फर डायऑक्साइड चिमणीतून बाहेर पडतो. मी घणसोलीला राहतो. वारा तिकडे वळला की तो आमच्याच घरांवरून जाणार, हे मला रोज दिसत होतं. पाइप गॅसचा विचार केला होता. तो स्वच्छ जळतो, राख नाही, साठवण नाही. पण तोही जमिनीखालचाच, आणि २०२२ मध्ये त्याचे भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिलंय.

मग हिशोब मांडला. तेलाची उष्णता किलोला १०,००० किलोकॅलरीच्या आसपास, चांगल्या ब्रिकेटची ३,८०० च्या आसपास. शिवाय घन इंधनाच्या बॉयलरची कार्यक्षमताही कमी. एक टन वाफेला जिथे ६५ किलो तेल लागतं, तिथे ब्रिकेट २०० किलो लागते. तिप्पट वजन जाळूनही इंधनाचा खर्च निम्म्याजवळ येत होता. दिवसाला दोन टन माल उतरवायचा, शेकडा ५ किलो राख धरली तर रोज १०० किलो राख उचलायची, हे मात्र मनाशी पक्कं करावं लागलं.

जुन्याच बॉयलरला बाहेरून भट्टी जोडून देतो म्हणणारे भेटले. मी नाही म्हटलं. तेलाच्या बॉयलरच्या नळ्या बारीक आणि जवळजवळ असतात, राखेने त्या लवकर चोंदतात. त्यामुळे मूळ घन इंधनासाठीच बनवलेला, तासाला एक टनाचा बॉयलर घेतला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचा प्रकार आणि रोजचा वापर लिहिलेला असतो, म्हणून इंधन बदलण्याआधी संमतीपत्र बदलून घ्यावं लागतं. चिमणीची उंची, धूळ अडवायची यंत्रणा, राखेची विल्हेवाट, सगळं त्यात द्यायचं. आमच्या संमतीपत्रात धुळीची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. बॉयलरची नोंदणी बाष्पके संचालनालयाकडे. हे काम वर्षानुवर्षं १९२३ च्या कायद्याखाली चालायचं, २०२५ मध्ये नवा बाष्पक कायदा आला. बनवणाऱ्याची प्रमाणपत्रं, पाण्याच्या दाबाची चाचणी, मग नोंदणी क्रमांक, आणि पुढे दर वर्षी तपासणी. कागद क्रमाने लावलेले असले की काम पुढे सरकतं. शेडमध्ये जळाऊ माल साठवणार म्हणून अग्निशमनाचंही पाहून घ्यावं लागलं.

आमच्याकडे जुने बॉयलर अटेंडंट आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. नवा बॉयलर बसत होता तेव्हा ते म्हणाले, "दादा, लाइट गेली की तेलाचा बर्नर विझतो. इथे जाळीवर मण-दोन मण माल पेटलेला असणार. फीड पंप थांबला तर आत पाणी कोण घालणार?" पुरवठादाराच्या आराखड्यात फीड पंप जनरेटरवर नव्हता. काकांच्या त्या एका प्रश्नावरून तो जनरेटरवर घेतला, आणि शिवाय वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टरही बसवून घेतला. घन इंधनाकडे वळणाऱ्याने आधी आपल्या अटेंडंटला विचारावं, असं मी कळकळीने सांगतो.

माल टाकायची पद्धतही काकांनीच पोरांना शिकवली. फावड्याने ढीग लोटला की जाळ दबतो आणि काळा धूर निघतो. थोडं थोडं, वरचेवर टाकायचं, दार पटकन लावायचं, आणि जाळावरून येणारी हवा नीट ठेवायची, कारण ब्रिकेटमधला बराच भाग वायू होऊन वर जळतो. आधी धूर गोल फिरवून जड राख खाली पाडणारा चक्री धूळसंग्राहक आणि त्यापुढे कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर असा क्रम ठेवला. चक्री नसेल तर उडालेल्या ठिणग्या बॅगेला भोकं पाडतात. आमच्या धंद्यात याची परीक्षा लगेच होते: काजळी उडाली तर पांढऱ्या चादरीवर ठिपका पडतो.

आता मालाबद्दल. ब्रिकेट चांगली की वाईट हे वरून कळत नाही. आम्ही प्रत्येक गाडीतून वेगवेगळ्या जागचे तुकडे काढतो, फोडून आतून बघतो. प्लायवुडच्या चकत्या, चमकणारा प्लास्टिकचा कण, रेती दिसली की गाडी परत. प्लायवुडमध्ये रासायनिक डिंक असतो आणि प्लास्टिकच्या धुराबद्दल सांगायलाच नको; असला माल जाळायचा असेल तर तेल काय वाईट होतं? मग ओलावा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. २० टक्के ओला माल घेतला तर आपण पाण्याला व्हाईट कोलचा भाव देतो, आणि ते पाणी उकळून घालवायला आणखी माल जाळतो. उष्णता आणि राख अधूनमधून प्रयोगशाळेतून तपासून घेतो.

मुरबाड, कर्जतकडे भात पिकतो, म्हणून तुसाची ब्रिकेट जवळून मिळेल असं वाटलं. ती घेऊन पाहिली. तुसात राख १५ ते २० टक्के, बहुतेक सिलिका. आमच्या जाळीला ती झेपेना. म्हणून मुख्य माल सौराष्ट्रातून भुईमुगाच्या टरफलांचा येतो. एवढ्या लांबून ट्रक आणायचा तर फायदा काय, असं मला स्वतःलाच वाटलं होतं. ७०० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटर, म्हणजे १७५ लिटर डिझेल. परतीचं धरून ३५०. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ९५० किलोच्या आसपास. १६ टन ब्रिकेट मात्र ५ टन तेल वाचवते, आणि त्या तेलातून १५ टनांवर निघाला असता. दहावा हिस्साही वाटेत जात नाही.

हा हिशोब टरफलांना लागू पडतो, कारण पुढच्या खरिपात नवं पीक तोच कार्बन पुन्हा हवेतून घेतं. ओंडक्यांना तो लागू पडत नाही. टंचाईच्या वेळी पुरवठादार स्वस्तात बाभळीची लाकडं द्यायला बघतात. बॉयलर तीही जाळतो. पण तोडलेलं झाड पुन्हा तेवढं व्हायला किती वर्षं जातात! आमच्या गेटवर ओंडक्यांची गाडी आत येत नाही.

पावसाळा वेगळा विषय आहे. ब्रिकेट मालातल्या घटकांनीच दाबात चिकटलेली असते, पाणी लागलं की फुगून तिचा भुगा होतो. जूनमध्ये साठा भरून ठेवतो. शेडचा कोबा उंच केलाय, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. तरी घोडबंदर रोडला गाडी अडकली, ठाण्यात अवजड वाहनांच्या वेळा चुकल्या, वर ताडपत्री फाटलेली असली, की माल ओलाच येतो. तो उतरवून घ्यायचा नाही, हे ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

राख भिवंडीकडचे वीटभट्टीवाले नेतात, थोडी नर्सरीवाले.

सध्या कॅलेंडरमधली वाफ थंड होऊन परत येणारं गरम पाणी पुन्हा बॉयलरकडे वळवायचं काम चालू आहे. फीडचं पाणी ६ अंशांनी गरम झालं की इंधन साधारण १ टक्क्याने वाचतं. त्यानंतर छतावर सौर गरम पाण्याचे पॅनेल घ्यायचे आहेत, कारण धुण्याचं पाणी ६० अंशांपर्यंत नेताना वाफ कशाला खर्च करायची.