मांडव न घालणारा कुंजपक्षी
ठाण्याजवळच्या येऊरच्या पायथ्याशी पावसाळ्यात झावळीला लोंबणारे सुगरणीचे अर्धवट खोपे पाहताना, मादीला भुलवण्यासाठी काटक्यांचे मांडव सजवणारे ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीमधील कुंजपक्षी मला हटकून आठवतात. त्यांच्याच कुळातील आयल्युरीडस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मात्र मांडव घालतच नाही. येथे नर एकाच मादीशी जोडी जमवून पिल्लांना भरवतो. जर्मन पक्षीशास्त्रज्ञ कबानिस यांनी १८५१ मध्ये दिलेल्या या नावात मांजरासाठीचा ग्रीक शब्द दडला आहे, कारण या पक्ष्यांचा आवाज थेट मांजराच्या ओरडण्यासारखा असतो. (इंग्रजीत यांनाही ‘कॅटबर्ड’ म्हणतात, पण अमेरिकेतील ‘कॅटबर्ड’शी यांचे केवळ नामसाम्य.) पूर्वी या प्रजातीत दोन-तीनच जाती मानल्या जात, २०१६ मधील जनुकीय अभ्यासानंतर त्या दहा झाल्या. ही फाळणी मला पटते, तरी मानेवरील ठिपक्यांवरून त्या ओळखताना चित्रे समोर असूनही माझी दमछाक होते.