नकाशात मासा कुठे आहे?

आज अंधेरीत दिवसभर नदीखोऱ्यांच्या आराखड्यांची कागदं चाळून झाल्यावर एकच वाटलं: मासेमारीची माहिती असते, पण ती धरण आखणाऱ्याच्या भाषेत नसते.

कोळी, आदिवासी सांगतात, 'पहिल्या पुराला वलगण चढते', म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जातात. अगदी खरं. पण इंजिनिअरला हवा असतो महिना, पाण्याची खोली, प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात आणि नकाशावरचा बिंदू. म्हणून गावातच तक्ता भरावा: कुठली जात, कधी चढते, अंडी कुठे घालते, कोणत्या डोहात उन्हाळा काढते. मग तो तक्ता धरणातून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवावा. जून-जुलैत जलाशय भरायला दरवाजे बंद आणि नेमकी तेव्हाच चढण, हे मग कुणालाही दिसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त वर्षाला किती टन मासा मिळतो ते देणं. उत्तर ठरलेलं येतं: 'जलाशयात कटला-रोहूचं बीज सोडू.' टन भरून निघतात, पण ते ठेकेदाराच्या जाळ्यात. घरच्या कालवणाला पकडलेला मासा बाजारात येतच नाही, त्यामुळे तो हिशेबातूनही गळतो. तो वेगळा मोजायलाच हवा.

आणि वेळ! धरणाची जागा ठरल्यावर हातात उरते फक्त मासेशिडी, म्हणजे माशांना धरण ओलांडायला बांधलेली पाण्याची पायरीवाट. पश्चिम बंगालमधला गंगेवरचा फरक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला. त्यात माशांसाठी सोय ठेवूनही बंधाऱ्याच्या वरच्या गंगेतला हिलसा, समुद्रातून नदीत चढणारा मासा, जवळजवळ संपला. मेकाँगच्या खालच्या खोऱ्यात तर शेकडो जाती, तळाशी पोहणाऱ्या, पृष्ठभागावरून जाणाऱ्या. सामन माशासाठी बांधतात तशी शिडी त्या सगळ्यांना कशी चालेल?

माशांचा तक्ता जागानिवडीच्या टेबलावर पोचला पाहिजे, पर्यावरण अहवालाच्या परिशिष्टात नव्हे.